शाळेचें छप्पर

शाळेसाठीं इमारत बांधावयाची असें एखाद्या गांवानें किंवा नगरपालिकेनें ठरविलें, म्हणजे पहिली बैठक बहुधा पैशाच्या प्रश्नावर अडते. अंदाजपत्रक तयार होतें, तें मंजूर रकमेपेक्षां मोठें निघतें, आणि मग काटछांट सुरू होते. भिंतीची जाडी थोडी कमी, छपराची उंची थोडी कमी, खिडक्या दोहोंऐवजीं एक, व्हरांडा पुढच्या वर्षीं. प्रत्येक कलमांतून थोडें थोडें कापीत गेल्यावर शेवटीं जी वस्तु उभी राहते तिला चार भिंती असतात, वर पत्रा असतो, हिशेबहि जुळलेला असतो. फक्त तिच्यांत बसून मुलांना शिकतां येत नाहीं. वैशाखांतली दुपार ज्यानें पत्र्याखालीं काढली आहे, त्याला याहून अधिक स्पष्टीकरण नको.

गरिबाची शाळा अशीच असावयाची, त्याला इलाज नाहीं, असा एक समज रूढ आहे. परंतु गेल्या दीडशें वर्षांतील शालागृहांचा इतिहास पाहिला तर या समजाला आधार सांपडत नाहीं. ऊन, वारा, उजेड आणि माती यांची मदत घेऊन थोड्या पैशांत चांगली शाळा बांधण्याचे प्रयत्न अनेक देशांत झाले. त्यांतील जे यशस्वी झाले त्यांनीं प्रत्येक कलम सारखें कापलें नाहीं. एका जागीं कठोर काटकसर करून त्यांनीं दुसऱ्या जागीं मोकळ्या हातानें खर्च केला. ही दुसरी जागा कोणती, हें ओळखण्यांतच त्यांचें सारें चातुर्य होतें.

इतिहासाचा हा धागा लंडनपासून हातीं धरणें सोयीचें आहे. इंग्लंडमध्यें १८७० सालीं प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला आणि जेथें शाळा अपुऱ्या होत्या तेथें त्या काढण्यासाठीं लोकनियुक्त मंडळें स्थापन झालीं. लंडनच्या मंडळानें ई. आर. रॉब्सन यांना आपले वास्तुशिल्पज्ञ नेमलें. हातांत करदात्यांचा पैसा, आणि समोर दाट वस्तींतील चिंचोळ्या जागा, अशी त्यांची परिस्थिति होती. रॉब्सन यांनीं विटांच्या उंच, अनेक मजली शाळा बांधल्या आणि त्यांना उंचच उंच खिडक्या ठेविल्या. कारण भोंवतालच्या घरांच्या छपरांवरून येणारा उजेड वर्गाच्या पार आंतपर्यंत पोंचावयाचा, तर खिडकीचें डोकें उंच असलें पाहिजे. १८७४ सालीं त्यांनीं शालागृहरचनेवर एक ग्रंथहि प्रसिद्ध केला. शाळेची इमारत हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे, ही जाणीव त्या पिढीनें करून दिली. मात्र तिनें उजेडाची जितकी चिंता वाहिली तितकी वाऱ्याची वाहिली नाहीं. पुढें पुढें मध्यें मोठें सभागृह आणि त्याच्या कडेनें वर्ग अशी रचना रूढ झाली. तिच्यांत बहुतेक वर्गांना एकाच अंगानें खिडक्या मिळत, आणि एका बाजूनें आंत आलेल्या हवेला दुसऱ्या बाजूनें बाहेर पडण्यास वाट उरत नसे.

वाऱ्याकडे लक्ष वेधलें तें क्षयरोगानें. त्या काळीं युरोपांतील औद्योगिक शहरांत क्षयानें घर केलें होतें आणि त्यावर रामबाण असें औषध वैद्यांच्या हातीं नव्हतें. मोकळी हवा, ऊन, विश्रांति आणि सकस अन्न यांवरच काय तो त्यांचा भरंवसा होता. बर्लिनला लागून असलेलें शार्लोटेनबुर्ग हें तेव्हां स्वतंत्र शहर होतें. तेथील शाळांचे अधिकारी हेर्मान नॉयफर्ट आणि डॉ. बर्नहार्ड बेंडिक्स यांच्या पुढाकारानें १९०४ च्या ऑगस्ट महिन्यांत शहराबाहेरच्या अरण्यांत एक निराळी शाळा सुरू झाली. तिला ‘अरण्यशाळा’ असेंच नांव पडलें. अशक्त आणि पांडुरोगी मुलें सकाळीं तेथें जात व संध्याकाळीं घरीं परतत. वर्ग लहान, तास आंखूड. आणि हवा बरी असेल तर अध्यापन पाइनच्या झाडांखालीं. इमारती म्हणजे रणांगणावरील रुग्णालयांसाठीं निघालेल्या लांकडी, सुट्या भागांच्या बराकी होत्या. त्यांवर फारसा पैसा गेला नाहीं. पैसा गेला तो मुलांच्या जेवणांवर, दुपारच्या विश्रांतीसाठीं मांडलेल्या खुर्च्यांवर आणि देखरेखीवर. भिंतीवरचा खर्च वांचवून तो मुलाच्या अंगावर घातला, असें या प्रयोगाचें वर्णन करतां येईल.

झाडाखालीं शिकविण्याची कल्पना आपल्याकडे अपरिचित नव्हती. शांतिनिकेतनांत १९०१ सालापासून वृक्षांच्या छायेंत वर्ग भरत होते. मात्र तेथील प्रेरणा मुलाच्या मनाला निसर्गाचा सहवास घडावा ही होती, तर शार्लोटेनबुर्गची वैद्यकीय होती. वैद्यकीय असल्यामुळें ती लवकर पसरली. १९०७ सालीं लंडनजवळ बोस्टल वूड येथें तशीच शाळा निघाली, आणि पुढील तीस वर्षांत हॉलंड, फ्रान्स, स्वित्झर्लंड अशा अनेक देशांत ‘मोकळ्या हवेच्या शाळा’ उभ्या राहिल्या.

पण आजारी मुलाला जी हवा औषध म्हणून द्यावयाची ती निरोगी मुलाला अन्न म्हणून कां देऊं नये? हा प्रश्न इंग्लंडांतील डर्बीशायर या कोळशाच्या खाणींच्या काउंटींत विचारला गेला. १९०२ च्या कायद्यानें सार्वजनिक शाळा काउंटीच्या ताब्यांत आल्या होत्या. तेथील वास्तुशिल्पज्ञ जॉर्ज विडोज आणि आरोग्याधिकारी डॉ. सिडनी बारवाइज यांचें एकमत झालें कीं, मधल्या सभागृहाच्या कडेनें वर्ग लावण्याची पद्धति मुळांतच सदोष आहे. विडोज यांनीं वर्ग एका रांगेंत, एकमजली बांधले. प्रत्येक वर्गाला समोरासमोर खिडक्या दिल्या. आणि ये-जा करण्यासाठीं बंदिस्त बोळाऐवजीं उघडा व्हरांडा ठेविला. एक मजला असल्यामुळें भिंती हलक्या चालत आणि जिन्यांचा खर्च वांचे. १९३६ सालीं ते निवृत्त झाले तोंपर्यंत त्यांच्या हातून अशा कितीतरी शाळा उभ्या राहिल्या होत्या. या रचनेला किंमत नव्हती असें नाहीं. इंग्लंडच्या हिवाळ्यांत उघड्या व्हरांड्यांतून एका वर्गांतून दुसऱ्या वर्गांत जाणें सुखाचें नसे, आणि समोरासमोर खिडक्या असलेली खोली ऊबदार ठेवण्यास कोळसाहि अधिक लागे. कोळसा मात्र डर्बीशायरमध्यें पायाखालींच होता.

दुसऱ्या महायुद्धानें हिशेबाचे आंकडेच बदलले. १९४५ सालीं इंग्लंडांत विटांची टंचाई होती, लांकडाची होती, गवंड्यांची होती. टंचाई नव्हती ती फक्त मुलांची. १९४७ सालीं सक्तीच्या शिक्षणाचें वय पंधरा वर्षांपर्यंत नेण्यांत आलें. लंडनच्या उत्तरेस हर्टफर्डशायर काउंटींत सी. एच. ॲस्लिन आणि स्टिरट जॉन्सन-मार्शल यांनीं आपल्या तरुण सहकाऱ्यांसह असा उपाय योजिला कीं, शाळेचा सांगाडा हलक्या पोलादाचा, ठराविक मापांचा, कारखान्यांत तयार व्हावा, आणि जागेवर तो केवळ जोडावा. चेशंट येथील बर्ली शाळा ही या मालिकेंतील पहिली. यांत्रिक पद्धतीनें बांधलेल्या या शाळा मुलांच्या दृष्टीनें मात्र यांत्रिक नव्हत्या. डेव्हिड मेड आणि मेरी क्राउली हे दोघे वर्गांत जाऊन बसत, शिक्षकांशीं बोलत, मुलांच्या उंच्या विचारांत घेऊन बाकांचीं व हात धुण्याच्या भांड्यांचीं मापें ठरवीत. पुढें १९५० च्या सुमारास सरकारनें दर विद्यार्थ्यामागें खर्चाची मर्यादा घालून दिली, तेव्हां या मंडळींनीं वर्ग लहान केले नाहींत. बोळ काढून टाकले. नुसत्या चालण्यासाठीं बांधलेली जागा शिकण्याच्या जागेंत मिळवून घेतली, आणि त्यामुळें खर्च उतरूनहि मुलाच्या वांट्याची जागा राखली गेली. सरसकट काटछांट आणि विचारपूर्वक काटकसर यांतील भेद याहून स्पष्टपणें दाखविणारें उदाहरण विरळा.

या शाळांतहि एक उणीव होती, आणि ती एका चांगल्या हेतूंतूनच निपजली. उघड्या आकाशाखालीं जितका उजेड असतो त्याच्या निदान शेंकडा २ इतका उजेड वर्गांतील प्रत्येक जागीं पोंचला पाहिजे, असा नियम १९४५ सालीं झाला होता. तो पाळण्यासाठीं कांचेच्या भिंतीच्या भिंती उभ्या राहिल्या. पातळ छप्पर आणि विस्तीर्ण कांच यांमुळें वर्ग उन्हाळ्यांत तापत व हिवाळ्यांत गारठत. इंधन स्वस्त होतें तोंवर ही खोड झांकली गेली. १९७३ सालीं तेलाचे भाव भडकले तेव्हां ती उघडी पडली.

तेलाच्या त्या संकटाच्या बारा वर्षें आधींच लिव्हरपूलच्या समोर, मर्सी नदीच्या मुखाशीं असलेल्या वॉलसी गांवांत एका नगरपालिकेच्या वास्तुशिल्पज्ञानें दुसरी वाट चोखाळून पाहिली होती. एमस्ली मॉर्गन हें त्यांचें नांव. १९६१ सालीं पूर्ण झालेल्या सेंट जॉर्ज शाळेची दक्षिणेकडची सबंध भिंत त्यांनीं दुहेरी कांचेची केली. दोन कांचांत सुमारें ६० सेंटिमीटर अंतर ठेविलें. बाकीची इमारत जाड आणि जड बांधून तिला बाहेरून उष्णता अडविणारें आवरण घातलें. सूर्याचें ऊन, दिव्यांची ऊब आणि खुद्द मुलांच्या शरीरांची ऊब, एवढ्यावर ही शाळा इंग्लंडचा हिवाळा काढीत असे. शेगडीची व्यवस्था असूनहि तिची गरज सहसा पडत नसे. ऊब टिकविण्यासाठीं हिवाळ्यांत हवेची ये-जा मात्र फार कमी ठेवावी लागे. डर्बीशायरच्या शाळेंत हवा खेळत होती पण ऊब राहत नव्हती. वॉलसीच्या शाळेंत ऊब राहत होती पण हवा खेळत नव्हती. निसर्गाशीं केलेल्या करारांत दोन्हीं बाजू सांभाळणें किती अवघड असतें, हें या जोडीवरून ध्यानांत यावें.

आतांपर्यंतच्या या सर्व शाळा थंड देशांतल्या, आणि कितीहि टंचाई म्हटली तरी सधन देशांतल्या. त्यांच्यापुढें प्रश्न ऊब साठविण्याचा होता. जेथें ऊब हीच शत्रु आहे, वीज नाहीं, रस्ता कच्चा आहे, आणि सरकारच्या तिजोरींत शाळेपुरताहि पैसा नाहीं, तेथें काय करावयाचें? या प्रश्नाचें उत्तर पश्चिम आफ्रिकेंतील एका खेड्यांतून आलें.

बुर्किना फासो हा सहारा वाळवंटाच्या दक्षिणेस वसलेला, समुद्रकिनारा नसलेला देश. १९६० पर्यंत तो फ्रेंच अमलाखालीं होता, आणि १९८४ पर्यंत त्याचें नांव अपर व्होल्टा असें होतें. राजधानी वागाडुगूच्या आग्नेयेस गांदो नांवाचें खेडें आहे. तेथें १९६५ सालीं गांवच्या प्रमुखाच्या घरीं दिएबेदो फ्रान्सिस केरे यांचा जन्म झाला. गांवांत शाळा नव्हती. वडिलांनीं सात वर्षांच्या या मुलाला तेंकोदोगो या शहरांत शिकावयास धाडलें. गांदोंतून शाळेंत गेलेला हा पहिला मुलगा. शहरांतील शाळा सिमेंटच्या भिंतींची होती. एकेका वर्गांत शंभराहून अधिक मुलें, उजेड अपुरा, हवा कोंडलेली आणि वरून पत्रा तापलेला. बाहेर पारा चाळिसांपलीकडे जाई, आणि आंतली स्थिति त्याहून वाईट असे.

सुटी संपवून मुलगा शहराकडे परत निघाला म्हणजे गांवांतील बायका एकेक करून त्याच्यापाशीं येत आणि पदरचें शेवटचें नाणें त्याच्या हातांत ठेवीत. हें कशासाठीं, असें त्यानें आईला विचारलें तेव्हां तिनें सांगितलें कीं, तूं शिकावेंस आणि एके दिवशीं परत येऊन या गांवाच्या उपयोगीं पडावेंस म्हणून. हा प्रसंग केरे यांनीं पुढें जाहीर व्याख्यानांत सांगितला आहे. शाळेच्या अंदाजपत्रकांतील पहिली रक्कम कोणती, असें कोणी विचारलें तर तिची नोंद येथूनच करावी लागेल.

सुतारकाम शिकण्याची शिष्यवृत्ति मिळून केरे १९८५ सालीं बर्लिनला गेले. दिवसा काम करून रात्रीच्या शाळेंत त्यांनीं पुढील शिक्षण पुरें केलें, आणि नंतर बर्लिनच्या तंत्रविद्यापीठांत वास्तुशिल्पाचा अभ्यास आरंभिला. पदवी हातीं येण्याची त्यांनीं वाट पाहिली नाहीं. १९९८ सालीं गांदोच्या शाळेसाठीं निधि जमविण्याकरितां त्यांनीं एक संस्था स्थापिली. कॉफी आणि सिगारेटी यांवरचा खर्च थोडा कमी करून तो पैसा शाळेला द्या, अशी विनंती त्यांनीं सहाध्यायांना केली. जमलेली रक्कम तीन वर्गांच्या इमारतीपुरती होती; तींतहि चैनीला वाव नव्हता.

मग केरे गांवीं आले आणि शाळा मातीची बांधावयाची असें त्यांनीं सांगितलें. गांवकरी खिन्न झाले. मातीचें घर म्हणजे काय, हें त्यांना पिढ्यानुपिढ्या ठाऊक होतें. पावसाळा आला कीं भिंती ढासळतात, दरवर्षीं डागडुजी करावी लागते, आणि तरी घर फार वर्षें टिकत नाहीं. त्यापेक्षां त्यांच्यासारखें शेतांत राबण्याचें सोडून हा मुलगा जर्मनींत जाऊन शिकला तरी काय? पक्की शाळा म्हणजे सिमेंटची आणि कांचेची, असें त्यांच्या मनांत होतें. आणि तें त्यांच्या मनांत असणें स्वाभाविक होतें, कारण सरकार, मिशन आणि व्यापारी यांच्या ज्या ज्या इमारतींना मान होता त्या सगळ्या तशाच होत्या. माती ही गरिबीची खूण झाली होती.

मातीविषयींचा हा संशय एकट्या गांदोचा नव्हे. भारतांत पन्नास वर्षें स्वस्त आणि हवेशीर घरें बांधणारे लॉरी बेकर यांनाहि त्याच्याशीं झगडावें लागलें. १९४५ सालीं भारतांत कायमच्या कामासाठीं येण्यापूर्वी, चीनहून इंग्लंडला परततांना जहाजाची वाट पाहत मुंबईत थांबले असतां, त्यांची गांधीजींशीं भेट झाली होती. घरासाठीं लागणारी सामग्री पांच मैलांच्या परिघांत मिळावी, ही गांधीजींची कल्पना आपल्या मनावर कोरली गेल्याचें बेकर सांगत. पुढें केरळांत विटा उभ्या लावून मध्यें पोकळी ठेवण्याच्या रचनेनें त्यांनीं भिंतींतील सुमारें चौथाई विटा वांचविल्या, आणि त्या पोकळीनें बाहेरचें ऊनहि अडविलें. स्वस्त तें हलकें, ही समजूत मोडण्यास शब्द पुरत नाहींत, हें बेकर यांनीं ओळखलें होतें. केरे यांनींहि वाद घातला नाहीं. मातीच्या विटांची कमान रचून तिच्यावर माणसें उभीं केलीं, त्यांना उड्या मारावयास लाविलें, आणि कमान ढळत नाहीं हें गांवाला दाखविलें.

ही माती अगदीं जुन्या घरांतली माती नव्हती. तिच्यांत थोडें सिमेंट मिसळून हातयंत्रानें दाबून विटा पाडल्या जात. अशा वीटकामाचें शिक्षण गांवच्याच तरुणांना देण्यांत आलें. पायासाठीं दगड मुलांनीं गोळा करून आणिले. विटांसाठीं पाणी बायकांनीं वाहिलें. जमीन करण्याची रीत जुनीच होती. पुरुषांनीं तासन्‌तास माती चोपावी, मग बायकांनीं ती पाणी शिंपडीत पुन्हां चोपावी, आणि शेवटीं गुळगुळीत दगडांनीं घांसून तिला तकाकी आणावी. मातीच्या भिंतीचा गुण असा कीं दिवसाचें ऊन ती सावकाश पिते आणि आंत पोंचूं देत नाहीं. तिचा अवगुण एकच. पावसाचा मारा तिला सोसत नाहीं. तेव्हां खरा प्रश्न भिंतीचा नव्हताच. भिंतीवर धरावयाच्या छत्रीचा होता.

येथेंच केरे यांनीं आपला हात मोकळा सोडला. भिंतींवर वांचलेला पैसा त्यांनीं छपरावर घातला. तीन वर्ग एका ओळींत बांधून त्यांच्या मध्यें मोकळ्या पण आच्छादलेल्या जागा ठेविल्या, आणि या सगळ्यावर एकच विस्तीर्ण पत्र्याचें छप्पर धरलें. तें भिंतींच्या पुष्कळ पुढें आलेलें असल्यामुळें पावसाचें पाणी भिंतीपासून दूर पडतें आणि दुपारचें ऊन तिच्यावर चढत नाहीं. पण मुख्य गोष्ट अशी कीं, तें छप्पर भिंतींवर टेकलेलेंच नाहीं. वर्गावर प्रथम मातीच्या विटांचें एक छत आहे. त्यांत हवा जाण्यापुरत्या फटी आहेत. त्या छताच्या वर, बरेंच अंतर सोडून, लोखंडी कैच्यांवर पत्रा उभा आहे.

पत्रा तापला म्हणजे त्याच्याखालची हवा तापते. पूर्वी ही तापलेली हवा मुलांच्या डोक्यावर कोंडून राही. आतां ती छत आणि पत्रा यांमधील उघड्या जागेंतून वाहून जाते. आणि ती जात असतांना वर्गांतील हवा छताच्या फटींतून वर ओढली जाते, व तिच्या जागीं खिडक्यांवाटे ताजी हवा आंत येते. ज्या पत्र्याच्या तापण्यानें तेंकोदोगोचा वर्ग भट्टी होत असे, त्याच पत्र्याच्या तापण्यानें गांदोच्या वर्गांत वारा खेळूं लागला. त्यासाठीं वीज लागत नाहीं, पंखा लागत नाहीं, देखभालीला माणूस लागत नाहीं. डर्बीशायरनें हवेसाठीं ऊब गमाविली, वॉलसीनें ऊबेसाठीं हवा गमाविली. गांदोंत उन्हालाच वाऱ्याच्या कामाला जुंपलें.

या छपराचे भाग कसे घडविले तेंहि पाहण्याजोगें आहे. मोठाल्या लोखंडी तुळया तेथवर आणावयाच्या कशा, आणि उचलावयाच्या कशानें? गांवांत यारी नव्हती. म्हणून सिमेंट-कामांत वापरतात त्या साध्या सळया घेतल्या, त्या हातकरवतीनें कापल्या, आणि लहानशा यंत्रानें जोडून त्यांच्या हलक्या कैच्या केल्या. दोघांचौघांनीं मिळून उचलाव्या इतक्याच त्या जड. करवत आणि जोडकाम गांवांतील तरुण थोड्या दिवसांत शिकले. एवढें मोठें छप्पर पेलणारी रचना गांवच्या हाताला पेलेल अशीच आंखली गेली, यांतच तिची काटकसर होती.

२००१ सालीं शाळा पुरी झाली. पहिला पावसाळा आला आणि गेला. भिंती उभ्याच राहिल्या. पुढें आसपासच्या गांवांतूनहि मुलें येऊं लागलीं. शंभर-सव्वाशें मुलांसाठीं बांधलेल्या त्या शाळेचा पट वाढत वाढत सातशेंवर गेला. शिक्षक टिकावेत म्हणून त्यांच्यासाठीं त्याच मातीचीं घरें बांधण्यांत आलीं, आणि २००८ सालीं कमानदार छताचे आणखी वर्ग झाले. ग्रंथालयाच्या छतासाठीं तर गांवांतील बायकांनीं घडविलेलीं मातीचीं मडकीं उपयोगांत आलीं. बूड आणि गळा कापलेलीं तीं मडकीं छताच्या सांच्यांत मांडून भोंवतीं सिमेंट ओतलें, आणि त्यांच्या गोल तोंडांतून उजेड व हवा यांना वाट मिळाली. या शाळेला २००४ सालीं आगाखान वास्तुशिल्प पारितोषिक मिळालें. २०२२ सालीं केरे यांना प्रिट्झ्कर पारितोषिक देण्यांत आलें. हा मान मिळविणारे ते पहिले आफ्रिकन होत.

तथापि गौरवाच्या भरांत कांहीं गोष्टी नजरेआड होऊं नयेत. गांवानें दिलेले श्रम हिशेबाच्या वहींत शून्य म्हणून मांडले गेले तरी ते शून्य नव्हते. पाणी वाहणाऱ्या बाईनें तो दिवस आपल्या शेतांतून आणि घरांतून काढून दिला होता. पत्रा, सळया आणि सिमेंट बाहेरूनच आणावें लागलें, आणि त्यासाठींचा पैसा दूरच्या देशांतील दात्यांकडून आला. सगळ्याच खेड्यांना बर्लिनमध्यें शिकलेला आणि परत येणारा मुलगा लाभत नाहीं. तेव्हां गांदोची इमारत जशीच्या तशी उचलून दुसरीकडे ठेवावी, असा तिचा बोध नव्हे. जेथें पाऊस वेगळा, माती वेगळी, वाऱ्याची दिशा वेगळी, तेथें छप्परहि वेगळें झालें पाहिजे. तशी नक्कल करणें म्हणजे सिमेंटची पेटी जगभर वाटण्याची जुनी चूक मातीच्या रूपानें पुन्हां करणें होय.

घेण्यासारखी आहे ती विचाराची पद्धति. शार्लोटेनबुर्गनें भिंत सोडून मुलाच्या ताटाला पैसा दिला. विडोज यांनीं जिना आणि सभागृह सोडून समोरासमोरच्या खिडक्यांना दिला. हर्टफर्डशायरनें बोळ सोडून वर्गाला दिला. मॉर्गन यांनीं शेगडी आणि तिचें इंधन सोडून दक्षिणेच्या कांचेला दिला. केरे यांनीं भिंतीच्या वैभवाचा मोह सोडून तो छपराला दिला. या पांचांपैकीं प्रत्येकानें आपल्या ठिकाणीं मुलाला सर्वांत अधिक त्रास कशाचा होतो, हें आधीं विचारलें आणि मग आंकडे मांडले. शार्लोटेनबुर्गमध्यें उत्तर अशक्तपणा हें आलें, गांदोंत उष्मा हें आलें. उत्तर निराळें आल्यामुळें इमारतहि निराळी झाली.

शाळेच्या अंदाजपत्रकावर कोठें ना कोठें बैठक भरत राहील, आणि रक्कम बहुधा अपुरीच असेल. त्या बैठकींत कागदावर पहिली रेघ ओढण्यापूर्वी कोणी तरी उठून जुन्या शाळेच्या वर्गांत भर दुपारीं तासभर बसून यावें. कोणत्या कलमाला हात लावावयाचा नाहीं, तें त्याला तेथें कळेल. बाकीचीं कलमें मग खुशाल कापावीं. तेंकोदोगोच्या वर्गांत सात वर्षांचा एक मुलगा असाच बसला होता, आणि त्या तापलेल्या पत्र्याचें काय करावें हें गांदोंत सांगतां येण्यास त्याला जवळजवळ तीस वर्षें लागलीं.